पूर्वेचा वारा असला तर

मार्च महिना. छपरावरचा बर्फ वितळायला लागलेला.
मेन राज्याच्या या उत्तर टोकाला, बटाट्याच्या शेतांमधल्या गावात,
बर्फ वितळला की सगळ्यांना बरं वाटतं,
शाळेच्या शिपायाला सोडून.
शिपाई म्हणजे मी.

आमदारबाई यायच्या होत्या. ओडील पेल्की.
चौथीच्या मुलांनी फळ्यावर स्वागत लिहिलं होतं,
इंग्रजीत एकदा, फ्रेंचमध्ये एकदा,
फ्रेंच चुकलेलं.
वर्तमानपत्राचा फोटोवाला पुलाच्या अलीकडे
गाडी घसरून अडकला, असा निरोप आला.
मी मनात म्हटलं, झालं, बाई पाच मिनिटांत निघणार.
फोटो नाही, तर पुढारी कुणासाठी थांबेल?

त्या थांबल्या.
टपटप ऐकून जिमच्या दाराशी आल्या,
बूट दाराबाहेरच झटकले
(शिपायाचे डोळे आधी पायांकडे जातात),
आणि मुख्याध्यापकांना नाही, मला विचारलं,
"किती बादल्या लागतात?"

"अकरा," मी म्हटलं.
"पूर्वेचा वारा असला तर चौदा."

त्यांनी लिहून घेतलं,
पेट्रोल पंपाच्या पावतीमागे.

थिओफिल नावाचा पाचवीतला पोरगा विचारू लागला,
आमदार म्हणजे तुम्ही श्रीमंत असाल ना?
त्या म्हणाल्या, अरे, मी लोकांचे करांचे कागद भरून देते,
त्यावर घर चालतं.
आमदारकीवर माझी गाडीसुद्धा धड चालत नाही.
खरंच चालत नव्हती.
जाताना मीच ढकलली.

मे महिन्यात बॉयलरच्या खोलीत बसून
जुन्या कॉम्प्युटरवर मी राजधानीतली बैठक पाहिली.
चार तास. माझा डबा गार झाला.
शेवटी बाईंना तीन मिनिटं मिळाली.
आधी त्यांनी रकमा सांगितल्या, टक्के सांगितले,
कुणी कागदावरून मान वर केली नाही.
मग त्या म्हणाल्या,
अकरा बादल्या. पूर्वेचा वारा असला तर चौदा.

एका म्हाताऱ्या सभासदाने चष्मा काढला.

माझं वाक्य होतं ते.
एकतीस वर्षांत माझं बोलणं
या इमारतीच्या फाटकापलीकडे गेलं नव्हतं.
आणि खरं सांगायचं तर
मी त्यांना मत दिलं नव्हतं.
आमच्या घरात तीन पिढ्या दुसऱ्या पक्षाच्या.

सप्टेंबरात त्या पुन्हा आल्या,
बटाटे काढायची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी.
ताकाला येऊन भांडं लपवलं नाही.
सगळ्या मुलांसमोर सरळ म्हणाल्या,
"अर्धेच पैसे मिळाले. छप्पर अर्धंच होईल.
कुठलं अर्धं, ते तुम्ही सांगा."

मुख्याध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

जिम की वाचनालय. चिठ्ठ्या टाकायला
माझीच एक बादली घेतली, कोरडी पुसून.
मोठी मुलं जिमसाठी ओरडत होती. बास्केटबॉल,
आणि हिवाळ्यात दुसरं असतं काय इथे?
मग नोएमी उभी राहिली, दुसरीतली, समोरचे दोन दात पडलेली,
म्हणाली, पाणी आलं की आपण पळू शकतो.
पुस्तकं नाही पळू शकत.

वाचनालय जिंकलं. पाच मतांनी.
थिओफिल रडला, भिंतीकडे तोंड करून,
बाई त्याच्याशेजारी खाली बसल्या.
काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

आता वाचनालयात नुसती पानं उलटल्याचा आवाज.
जिममध्ये अजून सात बादल्या आहेत,
पूर्वेचा वारा असला तर नऊ.
परवा बर्फ वितळत होता, सकाळी बघतो तर
बाई बाह्या वर करून एक बादली उचलताहेत,
बरोबर कुणी नाही, फोटोवाला नाही,
निवडणूकही दीड वर्ष लांब.

आभार मानावेत असं वाटलं. जीभ वळली नाही.
म्हटलं,
"ती निळी दोन्ही हातांनी धरा.
तिचा कान सुटलाय."